नव्या आवृत्तीची रंगीत तालीम

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडची आहे. पातेल्यातले एक शीत बोटाने चेपून पाहिले, की भात शिजला किंवा नाही ते कळते. असे का बरे होते? कारण पातेले एक, चूल एक, पाणी एक आणि तांदूळही एकाच पोत्यातला. पण समजा, तोच तांदूळ लाख घरी वाटला. कोणी तो पातेल्यात लावला, कोणी कुकरात. कोणी चुलीवर, कोणी विजेच्या शेगडीवर. कोणाचे पाणी विहिरीचे, कोणाचे नळाचे. मग एका घरच्या शितावरून लाख घरच्या भाताचा निवाडा करता येईल का? नाही येणार. तिथे उपाय एकच. निरनिराळ्या घरची काही माणसे पुढे यावीत, त्यांनी आपापल्या शेगडीवर मूठभर तांदूळ आधी लावून पाहावा, आणि कुठे करपला, कुठे कच्चा राहिला, ते पोती घरोघर जाण्यापूर्वी दुकानदाराला कळवावे.

संगणकाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढताना नेमके हेच करावे लागते. त्यातही जे सॉफ्टवेअर इतर सॉफ्टवेअर घडवण्यासाठी वापरतात, त्याच्या बाबतीत तर ही आगाऊ परीक्षा फार अगत्याची असते. ती कशी होते, ती कोण करतो, आणि मनात आणले तर आपल्यालाही तिच्यात भाग कसा घेता येईल, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम, ‘सॉफ्टवेअर घडवण्याचे सॉफ्टवेअर’ म्हणजे काय? सुताराच्या पेटीत गुण्या नावाचे एक हत्यार असते. दोन फळ्यांचा काटकोन बरोबर साधला की नाही, हे तो गुण्या लावून पाहतो. आता एखाद्या खुर्चीचा पाय आखूड पडला तर नुकसान एका खुर्चीचे. पण गुण्याच जर केसभर वाकडा असेल, तर त्या सुताराच्या हातून जी जी दारे-खिडक्या उतरतील ती सारी तेवढीच वाकडी. आणि मौज अशी, की बिचारा सुतार दोष शोधील तो आपल्या हातात किंवा लाकडात! गुण्यावर त्याचा संशय सहसा जाणारच नाही. पायथन, जावा यांसारख्या संगणकाच्या भाषा, त्या भाषांत लिहिलेल्या आज्ञा संगणकाकडून करवून घेणारे प्रोग्रॅम, आणि त्या आज्ञा लिहिण्यासाठी असलेले संपादक, ही सारी या गुण्याच्या जातीची हत्यारे आहेत. यांत राहिलेली चूक एका ठिकाणी थांबत नाही. ती या हत्याराने घडवलेल्या हजारो कामांत उतरते.

यावर कोणी म्हणेल, “अहो, मग बनवणाऱ्यांनीच नीट तपासून द्यावं की! आम्हाला कशाला मध्ये ओढता?” प्रश्न रास्त आहे. बनवणारे तपासत नाहीत असे मुळीच नाही. प्रत्येक लहानसहान फेरफारानंतर हजारो ठरीव चाचण्या आपोआप चालवल्या जातात, आणि त्यांतली एक जरी नापास झाली तरी काम पुढे सरकत नाही. पण या चाचण्या बनवणाऱ्यांनीच लिहिलेल्या असतात. जे त्यांना सुचले तेच त्यांत आलेले असते. आपला स्वतःचा लेख छापताना मुद्रित तपासायला घेतले, की काय होते ते ज्यांनी केले आहे त्यांना विचारा. डोळा कागदावर असलेले वाचत नाही, असायला हवे होते ते वाचतो. दुसऱ्या माणसाने तेच पान हातात घेतले की चूक क्षणात सापडते. दुसरे कारण आपण भाताच्या उदाहरणात पाहिलेच. पायथन ही भाषा घ्या. तिच्यासाठी लोकांनी तयार करून सर्वांना खुली केलेली पॅकेजेस, म्हणजे तयार जोडसामान, आजमितीला पाच लाखांहून अधिक आहे. त्यातले कोणते कोणाशी जोडून कोण काय करीत आहे, हे एका खोलीत बसून कोणालाही कळणे शक्य नाही.

नाटकवाल्यांना हे दुखणे पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून ते संहिता वाचून झाली की लगेच पडदा वर करीत नाहीत. आधी उभ्या तालमी होतात. त्यांत संवाद बदलतात, एखादा प्रवेश गळतो, एखादा नवा येतो. मग एक दिवस ठरतो, की आता संहितेत नवे काही घालायचे नाही, आहे तेच घोटायचे. आणि शेवटी होते ती रंगीत तालीम. खरे कपडे, खरे दिवे, खरे नेपथ्य. तलवार म्यानातून निघत नाही, किंवा दार उघडताना भिंत हलते, हे कळते ते त्या रात्री. आणि ते त्या रात्री कळते म्हणून पहिल्या प्रयोगाची लाज राहते.

सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचाही प्रवास असाच आहे. पायथनचेच उदाहरण पुढे चालवू, कारण तिचे सगळे काम उघड्यावर चालते आणि वेळापत्रक जाहीर असते. नेदरलँड्सचे गीदो व्हान रॉसम यांनी ही भाषा १९९१ साली लोकांपुढे ठेवली. २०१९ पासून तिचा कारभार निवडून आलेल्या पाचजणांच्या मंडळाकडे आहे. २०२० पासून दरवर्षी ऑक्टोबरात तिची एक नवी मोठी आवृत्ती बाहेर पडते. त्याआधी ठरल्याप्रमाणे सुमारे सात महिने ‘अल्फा’ आवृत्त्या निघतात. या झाल्या उभ्या तालमी. यांत नव्या सोयी येतात, बदलतात, काही गळूनही पडतात. मग पहिली ‘बीटा’ आवृत्ती निघाली, की नव्या सोयींना दार बंद. पुढच्या सुमारे तीन महिन्यांत चार बीटा निघतात, आणि त्यांत काम एवढेच, की जे आहे ते निर्दोष करायचे. शेवटच्या दोन महिन्यांत ‘रिलीज कँडिडेट’, म्हणजे आपण तिला उमेदवार आवृत्ती म्हणू, अशा साधारणपणे दोन निघतात. ही रंगीत तालीम. काही गंभीर आढळले नाही, तर हीच उमेदवार आवृत्ती पक्की म्हणून जाहीर व्हायची.

या तिन्ही पायऱ्यांवर ती आवृत्ती कोणीही उतरवून घेऊन वापरून पाहू शकतो. वेळेपूर्वी हाती आलेल्या या आवृत्तीला इंग्रजी जाणणारे ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणतात. आपण तिला आगाऊ आवृत्ती म्हणू. आता हिचा खरोखर उपयोग होतो का? घडलेल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट २०२१ सालची. पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिताना एखाद्या नावापुढे चिठ्ठी लावता येते, की ‘इथे संख्या यायची’, ‘इथे मजकूर यायचा’. आपल्याकडे फडताळातल्या डब्यांवर ‘तूरडाळ’, ‘रवा’ अशा चिठ्ठ्या लावतात, तसेच हे. पूर्वी पायथन प्रोग्रॅम चालू होतानाच या चिठ्ठ्यांचा अर्थ लावून ठेवीत असे. त्यात वेळ जाई आणि काही अडचणीही येत. म्हणून असे ठरले, की चिठ्ठीचा अर्थ लावत बसू नये, ती नुसता मजकूर म्हणून जशीच्या तशी ठेवून द्यावी. ही सोय २०१८ पासून ज्याला हवी त्याला, मागून घेता येत होती. ३.१० या आवृत्तीत ती सर्वांनाच लागू व्हायची होती, आणि तिच्या आगाऊ आवृत्त्यांत ती चालूही झाली होती.

इकडे पायडॅंटिक आणि फास्टएपीआय या नावांची, पुष्कळांच्या वापरातली जोडसामाने होती. त्यांचे सारे काम या चिठ्ठ्या वाचण्यावरच चाले. चिठ्ठीवर ‘संख्या’ म्हटले असेल तर आत संख्याच आली आहे ना, हे ती प्रोग्रॅम चालू असताना तपासत. चिठ्ठीचा अर्थ हाती न येता नुसता मजकूर आला, की काही ठिकाणी त्यांना तो मजकूर कशाविषयी बोलतो आहे हेच उमगेना. एप्रिल २०२१ मध्ये ही सामाने सांभाळणाऱ्यांनी आपली अडचण जाहीरपणे मांडली. बीटाचे दार बंद व्हायला जेमतेम काही आठवडे उरले होते. पाचजणांच्या मंडळाने दोन्ही बाजू ऐकल्या, आणि २० एप्रिल रोजी निर्णय दिला, की हा बदल या आवृत्तीत लागू करायचा नाही. पहिली बीटा ३ मे रोजी निघाली. म्हणजे फट किती होती? दोन आठवड्यांच्याही आतली. पुढे या प्रश्नावर वेगळाच तोडगा काढण्यात आला. चिठ्ठी आहे तशी ठेवायची, आणि कोणी विचारले तरच तिचा अर्थ लावायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये निघालेल्या ३.१४ आवृत्तीत हा तोडगा आला. चार वर्षे उशीर झाला खरा. परंतु ज्यांची कामे मोडली असती ती मोडली नाहीत.

दुसरी गोष्ट याहून अटीतटीची. प्रोग्रॅम चालत असताना संगणकाच्या स्मरणात अनेक वस्तू तयार होतात, आणि काम संपले की त्यांची अडगळ होते. पायथन प्रत्येक वस्तूचा हिशेब ठेवते, की हिला किती जणांनी धरले आहे. धरणारे कोणी उरले नाही की ती टाकून देते. पण कधी असे होते, की दोन वस्तू एकमेकींचाच हात धरून बसतात. बाहेरचे कोणी त्यांना विचारीत नाही, तरी हिशेबात त्या धरलेल्या दिसतात. असली अडगळ शोधून काढायला एक वेगळा झाडूवाला ठेवलेला असतो. जुना झाडूवाला मधूनमधून सगळे काम थांबवून घरभर झाडू मारी. ३.१३ आवृत्तीसाठी नवा झाडूवाला आणला, तो एकदम सगळे न झाडता थोडे थोडे झाडणारा, म्हणजे कामात मोठा खंड पडू नये. कल्पना उत्तम होती. अल्फापासून ती आवृत्तीत होती. ठरीव चाचण्या पास होत होत्या.

आणि तरीही, काही जणांच्या कामात त्यामुळे सगळा कारभार पुष्कळच मंदावतो, असे उशिरा ध्यानात आले. स्फिंक्स नावाचे एक साधन आहे. प्रोग्रॅमांची माहितीपुस्तके तयार करायला ते वापरतात. त्याच्या कामात ही मंदगती ठळक दिसली. तोवर दोन उमेदवार आवृत्त्या निघून गेल्या होत्या. पक्की आवृत्ती १ ऑक्टोबर २०२४ रोजी यायची, हे जाहीर झालेले होते. मग काय केले? त्या दिवशी पक्की आवृत्ती काढलीच नाही. तिच्या जागी एक अनपेक्षित तिसरी उमेदवार आवृत्ती निघाली, तिच्यात नवा झाडूवाला काढून जुना पुन्हा कामावर घेतला होता. आणि पक्की आवृत्ती सहा दिवसांनी, ७ ऑक्टोबरला आली. नाटकाच्या जाहिराती लागल्यावर पहिला प्रयोग आठवडाभर पुढे ढकलायचा, हे सोपे नसते. पण कोणी तरी वेळेवर सांगितले म्हणून ते ढकलता तरी आले.

या दोन्ही गोष्टींत एक समान सूत्र आहे, आणि मला जे सांगायचे ते तेच. दोष सापडला तो बनवणाऱ्यांच्या घरात नव्हे. तो सापडला परक्या घरच्या चुलीवर. आणि दोन्ही वेळा तो अगदी शेवटच्या घटकेला पुढे आला. का बरे? आगाऊ आवृत्ती तर कित्येक महिने उघड्यावर पडलेली होती. त्याचे कारण तुमच्या-आमच्या स्वभावात आहे. जो तो म्हणतो, “आधी इतरांना पाहू दे, मग मी पाहीन.” प्रत्येकाने असे म्हटले की पाहणारा कोणीच उरत नाही, आणि बनवणाऱ्यांना वाटते, तक्रार नाही म्हणजे सारे ठीक आहे. आगाऊ परीक्षेत मौनाचा अर्थ संमती असा होत नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ, कोणी पाहिलेच नाही, एवढाच असतो.

जावा या भाषेने या बाबतीत एक वेगळी रीत पाडली आहे, तीही पाहण्यासारखी आहे. २०१८ पासून जावाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्चात आणि सप्टेंबरात निघते. तिच्यात काही सोयी ‘पूर्वदर्शन’ म्हणून घातलेल्या असतात. त्या आपोआप चालू नसतात. ‘मला पूर्वदर्शनाची सोय पाहायची आहे’ असे मुद्दाम सांगितले तरच त्या उघडतात. म्हणजे पक्क्या आवृत्तीच्या पोटातच एक लहान रंगमंच तालमीसाठी राखलेला. मजकुरात मध्येच किमती भरून वाक्य तयार करण्याची एक सोय सप्टेंबर २०२३ च्या २१ व्या आवृत्तीत अशी पूर्वदर्शनाला ठेवली. मार्च २०२४ च्या २२ व्या आवृत्तीत ती दुसऱ्यांदा ठेवली. वापरणाऱ्यांचे आणि बनवणाऱ्यांचे अनुभव जमा झाले, तेव्हा त्या मांडणीविषयी समाधान वाटेना. सप्टेंबर २०२४ च्या २३ व्या आवृत्तीतून ती सोय सरळ काढून घेण्यात आली. कोणाला यात अपयश दिसेल. मला दिसत नाही. भाषेत एकदा पक्की शिरलेली गोष्ट वर्षानुवर्षे सांभाळावी लागते, कारण तिच्यावर लोकांची कामे उभी राहतात. ती शिरण्याआधी परत घेता आली, हेच या रीतीचे यश.

आता एक नाजूक प्रश्न. ही फुकटची वेठबिगार तर नव्हे? कंपनीने माल बनवायचा, आणि त्यातल्या चुका मात्र गिऱ्हाइकाने शोधून द्यायच्या! हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. काही आगाऊ आवृत्त्यांना ‘कॅनरी’ म्हणतात, हे नाव कुठून आले ठाऊक आहे? ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून खाणकामगार कॅनरी पक्षी पिंजऱ्यात घालून बरोबर नेत. माणसाआधी पक्ष्याला त्रास होई, आणि माणसे सावध होत. ही प्रथा तिथे १९८६ साली बंद झाली. नाव मात्र सॉफ्टवेअरच्या धंद्यात राहिले. पण एक मोठा फरक आहे. त्या पक्ष्याला कोणी विचारले नव्हते. तुम्हाला विचारलेले असते.

तेव्हा व्यवहार डोळे उघडे ठेवून करावा. पायथन ही सर्वांना मोफत आहे, आणि तिच्यावर काम करणाऱ्यांत स्वयंसेवक पुष्कळ आहेत. तिथे दोष कळवणे हे सार्वजनिक विहिरीचा काठ दुरुस्त करण्यासारखे आहे. जेटब्रेन्ससारखी कंपनी प्रोग्रॅम लिहिण्याची साधने विकते. तिच्या ‘अर्ली ॲक्सेस’ उपक्रमातल्या आवृत्त्या सामान्यतः मोफत मिळतात, आणि त्यांची मुदत ३० दिवसांची असते. मुदत संपली की पुढची घ्यायची. इथे देवघेव आहे: तुम्ही वेळ देता, ते साधन देतात. ती पटली तर करावी, न पटली तर करू नये. मात्र एक गोष्ट अवश्य पाहावी. काही आगाऊ आवृत्त्या तुम्ही त्या कशा वापरता याची माहिती बनवणाऱ्यांकडे पाठवतात. हे कुठे लिहिले आहे ते वाचावे, नको असेल तर बंद करता येते का ते पाहावे, आणि नोकरीच्या ठिकाणचे खाजगी काम अशा आवृत्तीत उघडण्यापूर्वी वरिष्ठांना विचारावे.

हे मान्य करून ज्यांना या कामात पडायचे असेल, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली: जुनी आवृत्ती काढून तिच्या जागी नवी बसवू नये. दोन्ही शेजारी शेजारी नांदू शकतात, तशीच व्यवस्था करावी. घर रंगवायला काढले म्हणून कोणी सगळ्या खोल्या एकदम रिकाम्या करीत नाही.

दुसरी: जे काम गमावून चालणार नाही, त्याची एकुलती एक प्रत आगाऊ आवृत्तीत कधीही उघडू नये. तिची नक्कल करावी, आणि नकलेवर प्रयोग करावेत. कधी कधी नवी आवृत्ती फायलीची मांडणीच बदलून ठेवते, आणि मग जुन्या आवृत्तीला ती फाईल ओळखू येत नाही. परतीची वाट बंद!

तिसरी: नवी सोय काय आहे, हे पाहण्यातच सगळा वेळ घालवू नये. आपले रोजचे, कंटाळवाणे, नेहमीचे काम तिच्यात करून पाहावे. नव्या सोयी बनवणाऱ्यांनी निगुतीने तपासलेल्या असतात. मोडते ते बहुधा जुने, ज्याकडे कोणाचे लक्ष नसते ते. चिठ्ठ्यांच्या आणि झाडूवाल्याच्या गोष्टीत हेच नव्हते का घडले?

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: दोष कळवावा कसा. मी स्वतः पहिल्यांदा एका साधनाचा दोष कळवला तेव्हा मोठ्या रुबाबात लिहिले होते, ‘नवी आवृत्ती चालत नाही. कृपया लक्ष घालावे.’ उलट टपाली तीन प्रश्न आले. आवृत्ती नेमकी कोणती? आपण काय केलेत? काय व्हायला हवे होते आणि काय झाले? मी वरमलो. वैद्याकडे जाऊन नुसते ‘बरं वाटत नाही’ म्हणणाऱ्या रोग्यासारखी माझी गत झाली होती. कुठे दुखते, केव्हापासून, काय खाल्ले होते, हे सांगितल्याशिवाय वैद्य तरी काय करणार? मग मी बसलो, आणि माझा दोनशे ओळींचा प्रोग्रॅम एकेक ओळ छाटत लहान करीत गेलो. अट एवढीच, की दोष दिसत राहिला पाहिजे. सात ओळी उरल्या तेव्हा लख्ख दिसले, की चूक माझीच आहे! पत्र पाठवून क्षमा मागितली. पण त्या दिवशी जो धडा मिळाला तो कायमचा. दोष कळवताना आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, संगणकाची जात, आपण उचललेली पावले, अपेक्षा, प्रत्यक्ष परिणाम आणि दोष दाखवणारा लहानात लहान नमुना, एवढे द्यावे. हाच दोष आणखी कोणी आधी कळवला आहे का, तेही पाहावे. आणि भाषा सौम्य ठेवावी. पलीकडे माणूसच बसलेला असतो.

असा दोष दाखवणाऱ्याविषयी बनवणाऱ्याने कसे वागावे, याचाही एक उत्तम नमुना आहे. अमेरिकेतील डोनाल्ड कनूथ हे संगणकशास्त्रातले थोर पंडित. गणिताची पुस्तके सुबक छापण्यासाठी त्यांनी टेक नावाचे सॉफ्टवेअर तयार केले. आपल्या पुस्तकात जो कोणी पहिल्यांदा चूक दाखवील त्याला २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश देण्याची त्यांची २००८ पर्यंत प्रथा होती. रक्कम लहान, पण कनूथांच्या सहीचा तो धनादेश कित्येकांनी वटवलाच नाही, चौकट करून भिंतीवर लावला. चूक दाखवणारा हा शत्रू नव्हे, मदतनीस आहे, ही भावना त्या इवल्या रकमेत आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो खास आपल्यासाठी. “जगभर एवढे मोठमोठे लोक बसले आहेत, तिथे पुण्या-नागपूरच्या, सांगली-साताऱ्याच्या विद्यार्थ्याने काय दिवे लावायचे?” असे कोणाला वाटेल. तसे समजू नये. आपल्या घरच्या चुलीवर असे काही शिजते, जे दुसरीकडे शिजत नाही.

पहिले म्हणजे आपली लिपी. ‘राष्ट्र’ हा शब्द घ्या. आपण त्यात दोन अक्षरे मोजतो, रा आणि ष्ट्र. पण पायथनला त्याची लांबी विचारली तर ती सात सांगते. कारण र, काना, ष, हलन्त, ट, पुन्हा हलन्त आणि र, असे सात तुकडे ती मोजते. आता एखाद्या संपादकात ‘ष्ट्र’च्या मध्येच कर्सर अडकला, किंवा मागचे एक अक्षर पुसायला जावे आणि अर्धेच जोडाक्षर पुसले जावे, तर हा दोष केवळ इंग्रजीत काम करणाऱ्याला जन्मात दिसायचा नाही. जगातल्या लिप्यांची संगणकीय व्यवस्था ठरवणाऱ्या युनिकोडने देवनागरीसारख्या लिप्यांतले जोडाक्षर तोडताना एकसंध धरावे असा नियम सप्टेंबर २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत घातला. म्हणजे जी साधने नवा नियम पाळतात आणि जी जुना, त्यांच्यात आपला शब्द निरनिराळ्या जागी तुटू शकतो. हे तपासणार कोण? ज्याला ‘राष्ट्र’ लिहायचे आहे तो.

दुसरे आपले घड्याळ. जगातल्या पुष्कळ देशांची वेळ जागतिक वेळेहून पूर्ण तासांनी पुढे किंवा मागे असते. आपली साडेपाच तासांनी पुढे आहे, आणि शेजारच्या नेपाळची पावणेसहा तासांनी. ज्याने मनात पूर्ण तास धरून प्रोग्रॅम लिहिला, त्याचा हिशेब आपल्याकडे अर्ध्या तासाने चुकतो. तिसरे आपले आकडे. आपण १,००,००० असे स्वल्पविराम देऊन एक लाख लिहितो, इंग्रजीत शंभर हजार म्हणून वेगळ्या जागी स्वल्पविराम पडतो. ही तीन साधी परीक्षणे, म्हणजे जोडाक्षर, अर्ध्या तासाचे घड्याळ आणि लाखाचा स्वल्पविराम, आपल्यातला कोणताही विद्यार्थी एका संध्याकाळी करू शकेल. त्यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही. चिकाटी लागते, आणि दिसले ते नीट लिहून कळवण्याची सवय.

येत्या ऑक्टोबरात पायथनची, आणि मार्च-सप्टेंबरात जावाची जी आवृत्ती निघायची आहे, तिच्या तालमी त्याआधी चालू असणारच. आपण दोष कळवला नाही, तर तो कळवायला दुसरा कोणी येईल, या भरवशावर राहू नये. जोडाक्षर तुटले, तर ते आपल्याच लेखात तुटेल. वेळ चुकली, तर आपल्याच मुलांच्या परीक्षेच्या वेळापत्रकात चुकेल. पडदा वर जाण्याआधी दोन घटका तालमीला जाऊन बसलो आणि “अहो, ती भिंत हलते आहे” एवढे सांगितले, तरी आपल्या वाट्याचे काम झाले.